रडवणारी पानं न गाळता

आमच्या घरात मुलांना पुस्तक वाचून दाखवताना किंवा त्यांच्यासोबत सिनेमा बघताना एक गोष्ट पाळली जाते. गोष्टीत कुणी मरत असेल, कुणाचं घर सुटत असेल, कुणी कायमचं दूर जात असेल, तर ते पान गाळायचं नाही आणि तो प्रसंग पुढे पळवायचा नाही. थोरला सातवीत आहे, धाकटी चौथीत. लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक विचारतात, "लहान लेकरांना कशाला असलं दाखवता, कार्टून लावून द्या की." त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण मला स्वतःला जी पुस्तकं आणि जे सिनेमे आजवर पुरले, त्यातलं एकही रडू वगळलं तर उभं राहत नाही. गेल्या काही वर्षांत आम्ही घरी काय वाचलं, काय बघितलं आणि त्यातून मुलांनी, घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी काय उचललं, ते लिहून ठेवतो आहे.

आम्ही भुसावळला राहतो, मी रेल्वेत आहे. मूळ गाव यावल तालुक्यात. आबांनी शेत बटाईने दिल्यापासून ते आणि आई आमच्याकडेच असतात. इकडचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना ठाऊक आहे, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि माणूस खरा जागा होतो तो रात्री. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, दिवसभर वाळत घातलेले बिबडे आणि कुरडया आवरायच्या, गाद्या टाकायच्या आणि वाचायला बसायचं, असं सुरू झालं. पुस्तक माझ्या हातात, उजेडाला बॅटरी, आबा कठड्याला टेकून, आई कुशीवर पडलेली पण कान इकडेच. यार्डात डबे जोडल्याचा दणका झाला की मी जरा थांबतो आणि पुढे वाचतो.

पहिलं पुस्तक घेतलं 'श्यामची आई'. साने गुरुजी कोकणातले, पालगडचे, पण खान्देशात त्यांना कुणी बाहेरचं मानत नाही. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, वसतिगृहही सांभाळायचे. मुलं शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडून, कपड्यांच्या घड्या घालून ठेवणारे मास्तर म्हणून अमळनेरकडचे लोक त्यांच्याबद्दल अजून बोलतात. हे पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. प्रकरणांऐवजी त्यात रात्री आहेत, एकूण ४२. रात्री मोठ्याने वाचायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं पुस्तक मला माहीत नाही.

शाळेत असताना मी ते श्यामच्या बाजूने वाचलं होतं. पोहायला जायचं टाळून माळ्यावर लपलेला श्याम आणि त्याला शिंपटीने फोडून विहिरीवर नेणारी आई, तो मार तेव्हा माझ्याच पाठीवर बसायचा. आता दोन मुलांचा बाप होऊन वाचताना माझं लक्ष सारखं श्यामच्या वडिलांकडे जात होतं. एके काळचं सुस्थितीतलं घर, मग वाटण्या, कोर्टकज्जे, कर्ज. 'अळणी भाजी'च्या रात्री ते गप्प बसून बिनमिठाची भाजी खातात, वर चांगली झाली म्हणतात, मुलांनाही बोलू देत नाहीत. धाकटीने लगेच विचारलं, "मग नंतर आईला कळल्यावर तिला जास्तच वाईट वाटलं असेल ना?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. आई कुशीवरूनच आबांकडे बघून म्हणाली, "ह्यांनी तं कधीच मुक्यानं खाल्ली नाही." सगळे हसले आणि त्या हसण्यात माझं वाचन त्या दिवसापुरतं थांबलं.

सावकाराचा माणूस वसुलीला येऊन घरच्या बाईबद्दल वाटेल ते बोलतो आणि श्यामची आई कडाडते, ती रात्र मात्र जड गेली. आमच्या गावच्या ओट्यावरही असा एक माणूस येऊन बसायचा. मी तेव्हा थोरल्याएवढा होतो. कापसाचे पैसे आले नव्हते आणि आबा त्याच्यासमोर उभे होते, स्वतःच्या ओट्यावर उभे. तो बसलेला आणि आबा उभे, एवढंच मला आठवतं. ते पान वाचताना मी आबांकडे बघितलं नाही. वाचून झाल्यावर तेच थोरल्याला म्हणाले, "अपुन बी काढलं व्हतं रे कर्ज. फेडलं." नातवाशी ते या विषयावर पहिल्यांदाच बोलले. पुढे कितीतरी वेळ तो त्यांना विचारत बसला, किती काढलं होतं, कशासाठी, बैलजोडी तेव्हाच विकली का. हे पान मी गाळलं असतं तर ही चौकशी झाली नसती.

पुस्तकाच्या शेवटी आई जाते आणि श्याम वेळेवर पोहोचत नाही. मला वाटलं होतं धाकटी तिथे रडेल. ती गप्प होती. आईची लाडकी मांजर तिच्यामागे अन्न सोडते, तिथे मात्र तिला हुंदके आवरेनात. आईचं मरण तिच्यासाठी फार मोठं होतं, मांजर तिच्या मापाची होती. बायको तिला जवळ घेऊन समजावायला लागली तेव्हा आईच म्हणाली, "रडू दे तिले." मग आम्ही रडू दिलं. दुसऱ्या दिवशी तिने गल्लीतल्या मांजरीला दूध ठेवलं आणि ते अजून चालू आहे.

त्यानंतर आचार्य अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा बघितला. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा हा पहिला सिनेमा, १९५४ साली राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हाचा. माधव वझ्यांचा श्याम मुलांना आवडला, वनमालाबाईंची आई त्याहून जास्त. पण पुस्तक आधी वाचलेलं असल्यामुळे दोघंही सारखे "हे गाळलं, ते गाळलं" असं करत होते. घरात वाचल्यावर सिनेमा बघायचा हा क्रम तिथून ठरला.

'टिंग्या'ला मात्र पुस्तक नव्हतं. मंगेश हाडवळेंचा २००८ चा सिनेमा, जुन्नरकडचा. बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडून शेतकऱ्याचा बैल जायबंदी होतो. आता तो नांगराला चालणार नाही, आणि बटाट्याची लागवड तोंडावर आलेली. बापाला दुसरा बैल हवा, पैसा नाही, म्हणून हा बैल विकायचा, म्हणजे कसायालाच. त्याचा लहान मुलगा टिंग्या या बैलासोबत वाढलेला. त्याच्या मैत्रिणीची आजी आजारी आहे आणि तिची सगळे काळजी घेत आहेत. टिंग्या विचारतो, मग माझ्या बैलाचंच असं का? शरद गोयेकर या मुलाने ती भूमिका इतकी खरी केली आहे की त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे ऐकून कुणालाही नवल वाटू नये.

टीव्हीवर तो लावला तेव्हा आबा बाहेर ओसरीत होते. बैलाचा आवाज ऐकून आत आले आणि दारातच उभे राहिले. मी खुर्ची पुढे केली, बसले नाहीत. बाप बैलाला बाजारात न्यायला सोडतो तेव्हा ते पुन्हा बाहेर निघून गेले. मला वाटलं त्यांना नकोसं झालं. थोड्या वेळाने आत आले, हातात पाण्याचा तांब्या, आणि शेवटपर्यंत उभ्यानेच बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी थोरल्याला जवळ बोलावलं. आमच्या शेवटच्या बैलजोडीतल्या डाव्या बैलाचं नाव सर्जा होतं. तो खांद्याला कसा आखडायचा, पोळ्याला शिंगांना हिंगूळ लावताना मान कशी खाली करायचा, घरातल्या पुरणपोळीसाठी दाव्याला कसा ओढ द्यायचा, सगळं सांगितलं. मग म्हणाले, खुराला जखम झाली, भरली नाही, आणि बाजाराच्या दिवशी नेला. "गाडीत चढला नाही लवकर. मीच हात फिरवला पाठीवर, तवा चढला." एवढं बोलून कपबशी खाली ठेवली आणि दाढी करायला गेले. ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नव्हती. मी त्या वेळी जळगावला कॉलेजात होतो, सुट्टीत आलो तेव्हा गोठा रिकामा होता आणि मी विचारलंही नव्हतं. थोरल्याने त्या पोळ्याला शाडूचे दोन बैल केले आणि डाव्याच्या खुराला लाल रंग लावला. आबांनी बघितलं, काही म्हटलं नाही. तो बैल अजून त्यांच्या औषधांच्या डब्याशेजारी आहे.

कापूस आमच्या घरात पोटाचा विषय आहे, म्हणून वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' वाचायला घेतलं तेव्हा आबा सगळ्यात पुढे सरकून बसले. १९८१ साली आलेलं हे पुस्तक महाराष्ट्रात कितीतरी घरांत आहे. गुलामगिरीत जन्मलेलं पोर, टोळीवाले त्याला आणि आईला पळवून नेतात, मालक एक घोडा देऊन पोराला सोडवतो, आई कधीच परत येत नाही. धाकटीला पहिल्याच बैठकीत हे पेलेल का, असा प्रश्न बायकोने केला. रास्त होता. आम्ही दिवसा वाचायचं ठरवलं, म्हणजे मनात काही राहिलं तर झोपेआधी विचारायला वेळ मिळतो. हा बदल फार उपयोगी पडला. जड पानं आम्ही तेव्हापासून उजेडी वाचतो, संध्याकाळच्या आत.

हे पोर म्हणजेच पुढे शेतीशास्त्रज्ञ झालेला कार्व्हर. तो १८९६ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात टस्कीगीला येतो तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या कापसावर कापूस घेऊन तिथली जमीन निकस झालेली असते. तो लोकांना भुईमूग लावा, चवळी लावा म्हणून सांगतो, कारण शेंगवर्गीय पिकं जमिनीला नत्र परत देतात, शिवाय रताळी लावा म्हणतो. शेतकरी शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून १९०६ पासून घोडागाडीत शाळा घालून गावोगाव जायची सोय झाली. पुढे बोंडं पोखरणारा भुंगा कापूस खाऊन टाकतो आणि त्याचं म्हणणं लोकांना पटतं. आबांनी मला थांबवलं. "तठी बी बोंडअळी?" कीड वेगळी होती हे मी सांगितलं. पण गुलाबी बोंडअळीने आमच्याकडे जे केलं ते डोळ्यांपुढे असल्यावर अलाबामा फार लांब वाटत नव्हतं. आमचे पणजोबा कापसामागून भुईमूग घ्यायचे, हे आबांनी सांगितलं. थोरल्याने वहीत नत्राच्या गाठींचं चित्र काढलं आणि रविवारी गावी नेऊन त्याला आम्ही चवळीचं रोप उपटून खऱ्या गाठी दाखवल्या.

रेल्वेवाल्यांच्या मुलांसाठी 'तोत्तोचान'सारखं पुस्तक नाही. तेत्सुको कुरोयानागी या जपानी बाईंनी स्वतःच्या शाळेची ही गोष्ट १९८१ मध्ये लिहिली. पहिल्या शाळेतून काढून टाकलेली ही मुलगी तोमोई नावाच्या शाळेत येते, तिथले वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरतात. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्या दिवशी तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. धाकटीने तेवढ्यावर पुस्तक मिटून टाकायला लावलं आणि मला चार तास ऐकायला बसवलं. मी बसलो. तिचं बोलणं अर्ध्या तासात संपलं, पण त्या अर्ध्या तासात मला तिच्या वर्गातल्या सगळ्या मैत्रिणी कळल्या.

वाचनालयासाठी एक नवा डबा रात्री शाळेत येणार असतो आणि तो कसा येतो ते बघायला मुलं शाळेत मुक्काम करतात. भुसावळच्या पोराला हा प्रश्न जिव्हाळ्याचा. रूळ नसताना डबा शाळेत येईल कसा? थोरल्याने मला पुढचं वाचू दिलं नाही, आधी स्वतः विचार करून सांगतो म्हणाला. क्रेन, दुहेरी इंजिन, तात्पुरते रूळ, सगळं झालं. पुस्तकात तो ट्रॅक्टरमागच्या गाड्यावरून येतो आणि शेवटी लाकडी ओंडक्यांवरून घरंगळत जागेवर बसतो. ओंडक्यांची युक्ती आबांनी मनातल्या मनात ओळखली होती, गावात लाकडं अशीच हलवायचे म्हणाले.

याच पुस्तकात यासुआकी आहे, पोलिओ झालेला. तोत्तोचान त्याला शिडी लावून, ढकलून, ओढून आपल्या झाडावर चढवते, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा झाडावर बसतो. हे पान वाचताना मुलांच्या अंगात नुसता उत्साह होता. पुढे यासुआकी मरतो. त्याने वाचायला दिलेलं 'अंकल टॉम्स केबिन' आता परत कुणाला द्यायचं, हे तिला कळत नाही. थोरला म्हणाला, "म्हणजे कार्व्हरसारख्याच लोकांचं पुस्तक ना ते?" तेच. एक पुस्तक दुसऱ्यात असं निघालं आणि त्या दुःखात त्याला जोडायला काहीतरी मिळालं. शेवटी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात शाळा जळते. जळत्या डब्यांकडे बघत कोबायाशी मुलाला विचारतात, आता पुढची शाळा कशी बांधायची? मुलांनी ते वाक्य मला परत वाचायला लावलं.

'श्वास' आईमुळे लक्षात राहिला. संदीप सावंतांचा २००४ चा हा सिनेमा. कोकणातले आजोबा नातवाला घेऊन शहरात येतात आणि कळतं की डोळ्यांत कॅन्सर आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. ऑपरेशनच्या आधी आजोबा पोराला दवाखान्यातून बाहेर घेऊन जातात, बघून घे म्हणून. अरुण नलावडे आणि अश्विन चितळे या दोघांनी मिळून तो तोलला आहे. आमच्याकडे बघताना कुणी फार बोललं नाही. आईचं माहेर आसोद्याजवळचं, म्हणजे बहिणाबाईंच्या गावाकडचं. बहिणाबाई १९५१ ला गेल्या आणि पुढच्या वर्षी गाणी पुस्तकात आली, पण आईने ती पुस्तकातून घेतलेली नाहीत. तिच्या आईकडून जात्यावर ऐकलेली आहेत. सिनेमाचं नाव कळल्यावर तिने जगणं आणि मरणं यांत एका श्वासाचंच अंतर असतं असं सांगणारं बहिणाबाईंचं गाणं मुलांना म्हणून दाखवलं, ताल धरून, अगदी साधेपणाने. मुलांना ते त्या रात्री पाठ झालं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने हे रचलं, याचं धाकटीला अजून आश्चर्य वाटतं.

सत्यजित रायांचा 'पथेर पांचाली' मी मुलांसमोर ठेवताना सांगितलं की यात आगगाडी आहे. अपू आणि दुर्गा पांढऱ्या तुऱ्यांच्या गवतातून धावत गाडी बघायला जातात, तेव्हा दोघं ओरडले. पण मला त्यातलं जे मनात रुतलं आहे ते वेगळं. पैसे मिळवायला लांब गेलेला बाप घरी येतो, मुलीसाठी आणलेली साडी पुढे करतो, आणि मुलगी गेलेली असते. आईचा टाहो आपल्याला ऐकू येत नाही, त्या जागी वाद्य वाजतं. कॉलेजात असताना मी ते कलाकारी म्हणून बघितलं होतं. नोकरीनिमित्त रात्र-रात्र बाहेर राहणारा बाप झाल्यावर ती साडी बघवत नाही. त्या वेळी धाकटी माझ्या मांडीवर होती. मी रडलो हे तिने बघितलं आणि बघू दिलं. मोठी माणसंही रडतात हे मुलांना कुठेतरी घरातच दिसावं, एखाद्या मयताच्या ठिकाणी पहिल्यांदा दिसू नये, असं माझं मत आहे.

याचा अर्थ सगळंच सगळ्यांना दाखवावं असा मी काढत नाही. मारहाण आणि रक्त नुसतं दणक्यासाठी असेल तर ते आमच्याकडे लागत नाही. त्यात मेलेल्या माणसासाठी कुणी थांबतच नाही. आणि काही पुस्तकं वय मागतात. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' माझी आहे, अगदी माझी. नेमाडे आमच्याच तालुक्यातल्या सांगवीचे, १९६३ ची ही कादंबरी मी जळगावच्या होस्टेलवर वाचली. पांडुरंगच्या लहान बहिणीचं, मनीचं मरण त्यात आहे. मराठीत मरणावर त्याहून उघडं लिहिलेलं मी वाचलेलं नाही. थोरल्याने कपाटातून ते काढून मागितलं होतं. बापावर चिडलेल्या पोराचं पुस्तक आहे ते, ज्या वयात तू माझ्यावर तसा चिडशील त्या वयात दे म्हण, असं मी त्याला सांगितलं. प्रत त्याच्या नावाने ठेवली आहे.

यंदाच्या सुट्टीसाठी त्यानेच 'किल्ला' निवडला आहे, अविनाश अरुण यांचा. वडील गेलेले, आईची सरकारी नोकरीत बदली झाली म्हणून पुण्याहून कोकणात आलेला, नव्या शाळेत रुळू न शकणारा मुलगा त्यात आहे. थोरल्याचा जिवलग मित्र रेल्वे कॉलनीतूनच बदलीमुळे नागपूरला गेला. त्याला फोन लावून दोघांनी एकाच रात्री बघायचं ठरवलं आहे. आबांना मात्र पुन्हा कार्व्हरच हवा आहे. त्यांच्या डोळ्यांना आता दिव्याचा उजेड सोसत नाही, तेव्हा वाचून दाखवायचं काम या वेळी धाकटीने मागून घेतलं आहे, आणि एकही पान सोडणार नाही असं तिने आबांना आधीच बजावून ठेवलं आहे.